कॅल्गरीला जाऊन सादळलो

गिरणीत दळण घेऊन येणारा प्रत्येक माणूस डबा खाली ठेवायच्या आधी विचारतो, "आबा, कॅनडा कसा काय?" एकदा सांगितलं, दहादा सांगितलं. गिरणी चालू असताना सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि माझा घसा आत्ता कुठं ठिकाणावर आलाय. म्हणून लिहून काढतो. दळण होईपर्यंत वाचून होईल. मी चौथी शिकलेला माणूस, तेव्हा शुद्धलेखनाला कुणी नावं ठेवू नयेत. ठेवली तर त्याचं पीठ जाडं निघेल.

उतरलो

विमानाचं काही सांगत नाही. बसलो, उठलो, पाय सुजले, उतरलो. न्यायला माझी लेक वैशाली आणि जावईबापू अभिजित आले होते. जावईबापू तेलाच्या पाइपलाइनचे इंजिनिअर. मूळचे पुण्याचे, त्यामुळं कुठलीही गोष्ट कारणासकट सांगतात. तुम्ही विचारलं नसलं तरी.

विमानतळाचं दार आपोआप सरकलं, मी पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस ताठ उभे राहिले. ब्रशासारखे. नाक दाबलं तर आतून टोचत होते.

"आबा, तोंड झाका. उणे पंचवीस आहे," वैशाली म्हणाली.

"मी माणदेशातला माणूस आहे," मी म्हणालो. पण तोंड झाकलं.

गावाबाहेर सगळं सपाट आणि पांढरं. आभाळ मात्र असं निळं, की आपल्याकडं दिवाळीत घराला रंग देताना चुकून जास्त नीळ पडावी तसं. लांब पश्चिमेला डोंगरांची रांग, त्यावर ऊन. प्रत्येक घराच्या धुराड्यातून पांढरी वाफ सरळ वर निघालेली, वारा नाही, काही नाही. आणि सूर्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन सूर्य! मी डोळे चोळले. जावईबापू म्हणाले, हवेत बर्फाचे कण असतात, त्यांच्यामुळं असं दिसतं. म्हणलं, एवढे तीन-तीन सूर्य ठेवून तुमच्याकडं थंडी हटत नाही, मग आमचा एकटा बिचारा बराच कामाचा.

घराचं दार उघडलं तर आत भट्टी. खाली तळघरात एक मोठी शेगडी असते, तिला ते फर्नेस म्हणतात. ती हवा तापवते आणि ती हवा जमिनीतल्या जाळ्यांतून घरभर येते. मी धोतरावर तसल्या एका जाळीवर उभा राहिलो तर धोतरात वारा भरला आणि मी डेऱ्यासारखा फुगलो. वैशाली हसून हसून खाली बसली. मला काही हसू आलं नाही. ज्या घरात पाहुण्याचं धोतर फुगतं, त्या घराची रचना चुकली आहे, असं माझं मत झालं.

तरी मी इतक्या लांब गेलो होतो ते जाळी बघायला नाही, की डोंगर बघायला नाही. मी गेलो होतो रेवासाठी. रेवा माझी नात, चार वर्षांची. जन्मल्यापासून तिला मी फोनमध्येच बघत आलोय. फोनच्या काचेला ती तिकडून पापा द्यायची, मी इकडून गाल लावायचो. काच पुसून ठेवायची वेळ यायची. माझ्या मनात एकच होतं, ही पोर एकदा मांडीवर घ्यायची. माझी बायको गुडघ्यामुळं आली नव्हती, तिनंही सांगितलं होतं, "बाकी काही आणू नका, पोरीला पोटभर मांडीवर घेऊन या."

आम्ही पोचलो तेव्हा रेवा झोपली होती, शेजारीण तिच्याजवळ बसली होती. मी हातपाय धुतले, पायात माझी रबरी स्लिपर घातली, खांद्यावर आपली धनगरी घोंगडी घेतली, आणि पाय घासत घासत सगळं घर फिरून बघितलं. खाली सगळीकडं गालिचा, अगदी पाय रुतेल असा. तेवढ्यात रेवा उठून आली. डोळे चोळत उभी राहिली, मला ओळखलं, "आबा!" म्हणून धावत आली आणि तोंड वर केलं. मी पापा घ्यायला वाकलो.

चट्!

माझ्या नाकातून तिच्या नाकात निळी ठिणगी गेली. मी डोळ्यांनी बघितली. पोरीनं असा टाहो फोडला, की शेजारीण बाई जाता जाता परत आली.

"आबा बाइट्स!" रेवा आईच्या मागं लपून ओरडली. "मम्मा, ही बिट माय नोज!"

त्या दिवसापासून ती आणि मी यांच्यामध्ये कायम एक सोफा राहिला.

करंट

आता तुम्हाला ठाऊक आहे, मी दहा हॉर्सपॉवरची मोटर आयुष्यभर वापरलेला माणूस. करंट म्हणजे काय ते मला कुणी शिकवायचं नाही. थ्री फेजच्या लाइनीत कुठल्या फेजचा फ्यूज उडालाय ते मी आवाजावर सांगतो. तेव्हा मी लगेच ओळखलं, की या घराचं अर्थिंग गेलेलं आहे.

मला पुरावेही मिळत गेले. दाराच्या मुठीला हात लावला, चट्. नळाला लावला, चट्. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाला लावला, चट्. आणि सगळ्यात मोठा पुरावा गाडीचा. थंडीत तिथं गाडीचं इंजिन गोठतं, म्हणून रात्री गाडीच्या नाकातून वायर काढून घराच्या बोर्डात खुपसतात. म्हशीला दावं लावावं तशी गाडी बांधून ठेवतात. जावईबापूंचं गॅरेज सामानानं भरलेलं, म्हणून गाडी बाहेर. सकाळी आम्ही निघालो, मी आसनावरून घसरत खाली उतरलो, दार लावायला हात लावला आणि चट्!

"बघा," मी म्हणालो. "घरातला करंट वायरीतून गाडीत उतरलाय."

"आबा, वायर काढून अर्धा तास झाला," जावईबापू म्हणाले. "आपण दुकानात आलोय."

"मग मुरलाय."

जावईबापूंनी मला शांतपणे कारण सांगितलं. बाहेरच्या थंड हवेत पाण्याचा अंश नसतो. तीच हवा आत आणून तापवली की आणखी कोरडी होते. कोरड्या हवेत लोकर आणि रबर गालिच्यावर घासलं, की अंगात वीज साठते. तिला स्टॅटिक म्हणतात. "म्हणून तुमच्या खोलीत ह्युमिडिफायर ठेवलाय. तो रात्रभर चालू राहू दे. आणि ती स्लिपर..."

"कोरड्या हवेनं करंट मारत असता," मी म्हणालो, "तर माणदेशात एक माणूस जिवंत राहिला नसता."

यावर ते ढकलगाडी आणायला गेले. मला वाटलं, जिंकलो.

आता त्या यंत्राचं सांगतो. हंड्याएवढं पांढरं भांडं. त्यात पाणी ओतायचं आणि बटण दाबलं की वरून धुक्यासारखी वाफ निघते. खोलीत ओल आणायचं यंत्र! अहो, मी गिरणीवाला. ओल हा माझा जन्माचा वैरी. ओल आली की पिठाच्या गुठळ्या, ओल आली की अळ्या, ओला गहू घातला की जात्याचं तोंड लिंपून बसतं. पावसाळ्यात दमट ज्वारी घेऊन आलेल्या सरपंचालासुद्धा मी "आधी उन्हात घाला" म्हणून परत पाठवलंय. आणि इथं माणसं पैसे देऊन ओल विकत घेतात. शिवाय वाफ घेतात ती पडसं झालेली पोरं. मी ते यंत्र उचललं आणि कपाटात कपड्यांच्या मागं ठेवून दिलं.

मी पिशवीतून टेस्टर नेला होता. तो मुठीला लावला, नळाला लावला, गाडीला लावला. एकदाही पेटला नाही. थंडीनं टेस्टर गारठला असणार, असं समजून मी तो जाळीवर शेकत ठेवला. आणि करंटवर जो उपाय आपण मोटर सुरू करताना करतो, तोच केला. रबरी स्लिपर पायातून काढायचीच नाही. पलंगावरून उतरलो की स्लिपर. संडासला स्लिपर. आणि आश्चर्य बघा, करंट वाढतच गेला.

काहीच सादळत नाही

खाण्याचं थोडं सांगतो, कारण बायका तेच विचारतात. ज्वारीचं पीठ तिथं मिळतं, पण पिशवीतलं, किती दिवसांचं ते देव जाणे. विरी गेलेलं, चिकटपणा न उरलेलं. वैशालीनं भाकरी थापली तर कडेनं फुटून महाराष्ट्राचा नकाशा झाला. मी फक्त म्हणालो, "कोकण तुटलंय." तिनं ती भाकरी मलाच वाढली.

पण पापड! पापड भाजून ताटलीत उघडा ठेवा, दुसऱ्या दिवशी खा, तसाच कुडकुडीत. चिवड्याच्या डब्याला झाकण लावायची गरज नाही. आपल्याकडं पावसाळ्यात काडेपेटी पिठात पुरून ठेवावी लागते, तिथं असलं काही नाही. मी खूश झालो. म्हणलं, या देशात गिरणी टाकली तर सोनं होईल.

"हो, आबा, इथं काही सादळत नाही," वैशाली म्हणाली. "माणसंही नाहीत. बघा तुमचे ओठ."

ओठांना चिरा पडल्या होत्या, हे खरं. टाचांना तर अशा भेगा, की गालिच्याचे धागे अडकायचे. सकाळी उठलो की जीभ टाळूला चिकटलेली, ती सोडवायला दोन घोट पाणी लागायचं. एकदा उशीवर रक्ताचे ठिपके पडले. नाक आतून तडकलं होतं. मी उशी उलटी केली. पण आईची नजर चुकेल, लेकीची चुकत नाही.

"हे काय, आबा?"

"डास असेल. मारला असेल झोपेत."

"जानेवारीत? कॅल्गरीत?"

"विमानातून माझ्याबरोबर आला असेल."

तिनं कपाळावर हात मारला आणि विचारलं, "ते मशीन चालू असतं ना रात्री?" मी म्हणालो, "असतं की." कपाटात असतं, एवढं सांगितलं नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. ओठ काय, टाच काय. पण रेवा सोफ्यापलीकडून मला बघायची ते सोसवत नव्हतं. मी इकडून फिरलो की ती तिकडून फिरायची. मी खाऊ पुढं केला तर म्हणायची, "पुट इट ऑन द टेबल." टेबलावर ठेवून मी मागं सरकलो की येऊन उचलायची. गावातली मांजरंसुद्धा माझ्याशी याहून बरी वागतात.

संक्रांत

संक्रांत तिथं संक्रांतीला नसते. जवळच्या शनिवारी असते. वैशालीनं हळदीकुंकू ठेवलं होतं. पुण्या-नागपूरच्या बायका काळ्या साड्या नेसून, वरून रजईसारखे कोट घालून आल्या. दाराशी बुटांचा डोंगर. दोन-तीन कॉलेजात शिकणाऱ्या मुलीही होत्या. त्यांतली एक नाशिकची, प्राजक्ता, दिवसा शिकते आणि संध्याकाळी कॉफीच्या दुकानात कामाला जाते. तिनं मला वाकून नमस्कार केला, माझ्या पायाला हात लागला, चट्! ती म्हणाली, "काका, आशीर्वाद लगेच पोचला."

रेवाला काळं परकर-पोलकं घातलं होतं. तिला वैशालीनं चार दिवस शिकवलं होतं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." स्टीलची वाटी घेऊन ती एकेकीपुढं जायची, म्हणायची, आणि बायका "अगं बाई, किती गोड!" करायच्या. सगळ्यांना देऊन झालं. मग ती माझ्यापुढं येऊन थांबली. मध्ये सोफा नव्हता.

"दे ना आबांना," सगळ्या म्हणाल्या.

पोरीनं दीर्घ श्वास घेतला. हात जेवढा लांब होईल तेवढा लांब केला, मान पाठीमागं घेतली, आणि वाटी पुढं धरली. "तिळगूळ घ्या," ती म्हणाली. मीही जपून, अगदी हळू, दोन बोटं पुढं नेली.

वाटीला बोट टेकायच्या आधीच ठिणगी उडाली. सगळ्यांनी बघितली. वाटी पडली, तिळगूळ गालिच्यात. या वेळी रेवा रडली नाही. कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत म्हणाली, "आबा, यू डोन्ट गोड बोला!"

बायका हसल्या. हसू येण्यासारखंच होतं. पण मला असं लागलं, की मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "यात माझा दोष नाही. या घराचं अर्थिंग गेलेलं आहे. एवढं महागाचं घर घेतलं, पण तपासून घेतलं नाही!"

जावईबापू समोशांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ताट ठेवलं आणि खाली वाकून गालिच्यातले तीळ वेचायला लागले.

पाहुण्या गेल्यावर वैशाली माझ्या खोलीत आली. स्वेटर ठेवायला कपाट उघडलं, आणि कपड्यांच्या मागं ते यंत्र दिसलं. कोरडं ठणठणीत. तिनं माझ्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं.

"आबा, त्यांनी तीन दुकानं फिरून हे आणलं. आवाज नको, आबांची झोप मोडेल, म्हणून. आणि तुम्ही चारचौघांत त्यांचं घर काढलंत."

"ओल वाईट असते, वैशू."

"पिठाला! तुम्ही पीठ आहात का? अहो, जरा सादळलात तर काय बिघडेल तुमचं? इतका कुडकुडीत बाप घेऊन मी काय करू?" तिनं कपाटाचं दार आपटलं. "तुम्ही असेच परत जाल. पोरगी तुम्हाला हात न लावता."

ती गेली. मी पलंगावर बसून राहिलो. माघार घ्यायची म्हणजे कशी घेतात ते मला येत नाही. शिकवलंच नाही कुणी.

मॉलमधले सरदारजी

तिथं हिवाळ्यात म्हाताऱ्यांना बसायला पार नाही, देऊळ लांब, म्हणून म्हातारे मॉलमध्ये बसतात. मोठमोठ्या दुकानांच्या मध्ये बाकडी असतात, तिथं पंजाबी म्हाताऱ्यांचा अड्डा. रविवारी जावईबापू मला तिथं सोडून किराण्याला गेले. रागावले होते की नाही ते कळत नव्हतं. "आबा, टोपी घ्या," एवढंच म्हणाले होते.

बाकड्यावर गुरदेवसिंग म्हणून एक सरदारजी भेटले. लुधियान्याकडचे, ट्रक चालवून निवृत्त झालेले, पांढरी शुभ्र दाढी छातीपर्यंत. माझी हिंदी माझ्यापुरती आहे. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली, नातीचं नाक, वाटी, अर्थिंग. ते ऐकत राहिले आणि मग विचारलं, "बादशाहो, चप्पल कौन सी पहनते हो घर में?"

"रबर की."

"और ऊपर?"

"घोंगडी. मतलब, भेड की. असली."

सरदारजी असे हसले, की पगडी हलली. शेजारच्या दोघांना त्यांनी पंजाबीत सांगितलं, ते दोघंही हसले. "ओ जी, रबर के ऊपर भेड, भेड के अंदर आप! बिजली जाएगी कहाँ? पोती के नाक में ही जाएगी!" मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "मैं भी पहले साल सबको काटता था. मेरी बहू चाय दूर से सरकाती थी. हवा सूखी है, और कुछ नहीं. कमरे में पानी की मशीन रखो, सूती जुराब पहनो. और बच्चे को छूने से पहले लोहे को छुओ."

जावईबापूंनी हेच सांगितलं होतं. शब्दन् शब्द. पण जावई सांगतो ते मत असतं, आणि दाढी सांगते ते खरं असतं, काय करणार.

आणि तिथं बाकड्यावर बसल्या बसल्या मला आपल्या गिरणीचा पट्टा आठवला. पौष-माघात, हवा कडक कोरडी असते तेव्हा, मोटरचा पट्टा चालू असताना त्याच्याजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहतात, कधी बोटाला चटका बसतो. लहानपणापासून बघतोय. श्रावणात कधी होत नाही. वडील म्हणायचे, पट्ट्याला राग आलाय. पट्ट्याला वायर जोडलेली नसते, त्याचं अर्थिंग काय जाणार? म्हणजे या घरातला पट्टा मीच होतो. इकडून तिकडं घासत फिरणारा.

मी सरदारजींना राम राम केला. ते सत श्री अकाल म्हणाले आणि हात पुढं केला. मी आधी बाकड्याच्या लोखंडी दांडीला हात लावला. ते पुन्हा हसले.

काच

घरी आलो ते कुणाला काही न सांगता कामाला लागलो. घोंगडी घडी करून पेटीत. स्लिपर पलंगाखाली. वैशालीनं आणलेले सुती मोजे पायात. यंत्र कपाटातून काढलं, काठोकाठ भरलं आणि बटण शेवटच्या टोकापर्यंत फिरवलं. मी अर्धवट काम करत नाही. दोन पंचे ओले करून जाळीवर वाळत घातले. स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं पाणी भरून खिडकीत ठेवलं. दार घट्ट लावलं, की ओल बाहेर जायला नको. झोप अशी लागली, की काय सांगू. श्रावणात ओसरीवर झोपल्यासारखी.

सकाळी उठलो तर खिडकीतून बाहेरचं दिसेना. काचेवर आतून बर्फ जमलं होतं, बोटभर जाड, त्यात पानाफुलांची नक्षी. खिडकीच्या चौकटीवरून पाणी भिंतीवर उतरून रंगाला फुगे आलेले. भिंतीवरचं आपल्या दूध डेअरीचं कॅलेंडर, मीच नेलेलं, सुरळी होऊन खाली पडलेलं. खिडकी उघडून बघावी म्हणून ओढली तर ती गोठून चिकटलेली.

दारावर टकटक झाली. जावईबापू कामावर निघाले होते, कोट चढवलेला. आत आले, धुकं बघितलं, काच बघितली, भिंत बघितली. रात्रभरात घराचं नुकसान केलेला सासरा बघितला.

मी वाट बघत होतो, आता बोलतील. संक्रांतीचं आणि आजचं, दोन्ही एकदम.

"आबा," ते म्हणाले, "मशीन लावलंत!"

आणि खरंच सांगतो, त्या माणसाचा चेहरा उजळला होता. मग त्यांनी कोट काढला, कामावर फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि आम्ही दोघांनी मिळून पंच्यांनी ती खिडकी पुसली. पुसता पुसता अर्थात कारण सांगितलं. बाहेर थंडी जितकी जास्त तितकी आत ओल कमी ठेवायची, नाहीतर ती काचेवर जाऊन गोठते. थंडी उतरली की बटण थोडं वाढवायचं. त्यांनी भिंतीवर एक छोटं घड्याळ लावलं, त्याचा काटा हवेतली ओल दाखवतो. काटा कुठून कुठपर्यंत असावा, तिथं पेनानं दोन खुणा केल्या.

या वेळी मी सगळं ऐकून घेतलं. जात्याचे दोन दगड किती अंतरावर ठेवायचे, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. मी तिथं नवा माणूस होतो.

ते पुन्हा कोट घालून निघाले तेव्हा मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "जावईबापू. अर्थिंग चांगलंय तुमच्या घराचं."

"थँक यू, आबा," ते म्हणाले, आणि दाराच्या मुठीला आधी किल्ली टेकवून मग बाहेर गेले. वैशाली जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिनं पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडावर धरली.

रेवा

काटा खुणांच्या मध्ये आला. ओठ भरले, नाक शांत झालं, टाचांना तूप लावायला लागलो. पण पोर काही कारण ऐकून येत नाही. तिला स्टॅटिक काय सांगणार.

ती आली ती धुक्यामुळं. माझ्या खोलीच्या दारातून यंत्राची वाफ दिसायची. ती दारात उभी राहून बघायची. मी बघत नाहीसं दाखवायचो. एकदा म्हणाली, "आबा, यू हॅव अ क्लाउड."

"होय," मी म्हणालो. "ढग पाळलाय. त्याला पाणी पाजावं लागतं."

हे तिला कळलं. पेल्यातून पाणी घेऊन आली, माझ्यापासून लांबून, यंत्राच्या त्या बाजूनं, आणि ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ढगाला पाणी पाजायचं काम तिचं झालं. मी पलंगावर बसायचो, लोखंडी पलंगाची कड हातात घट्ट धरून. तसंच शिकलो होतो.

मग एका सकाळी, पाणी पाजून झाल्यावर, ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हात पूर्ण लांब केला. एक बोट काढलं. डोळे गच्च मिटले आणि चेहरा एका बाजूला वळवला, फटाक्याची वात लावताना वळवतात तसा. बोट माझ्या दंडाकडं यायला लागलं. मी पलंगाची कड आणखी घट्ट धरली. गिरणीचा पट्टा तुटला होता तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

बोट टेकलं. काही झालं नाही.

तिनं एक डोळा उघडला. पुन्हा टोचलं, जोरात. खांद्यावर टोचलं. गालावर टोचलं. नाकावर. मग कपाळावर आठी घालून, मोठ्या निराशेनं, घरभर ऐकू जाईल असं ओरडली, "मम्मा! आबांची बॅटरी इज डेड!"

"काय? काय झालं आबांना?" वैशाली खालून, कणकेच्या हातांनी, जिना चढत धावली.

तोवर रेवा पलंगावर चढली होती. मांडीवर बसली, जशी काही खुर्चीच आहे, आणि कुठं बिघाड झालाय ते बघायला माझं तोंड दोन्ही हातांनी फिरवून फिरवून तपासायला लागली. वैशाली दारात थबकली. "आबा?" म्हणाली. "अहो, बोला की, आबा!"

मी बोललो नाही. पोरीनं माझ्या दोन्ही मिशा धरल्या होत्या. तोंड उघडलं असतं तर सुटल्या असत्या.